केनबाबचं सुतक

पहिल्याच आठवड्यात सगुणनं ठरवून टाकलं होतं, महिना भरला की या गोऱ्याला बोचकं बांधायला लावायचं. तसा माणूस वाईट नव्हता. भाडं वेळेवर, पिणं बेताचं, कधी आवाज चढवणं नाही. आवाज चढवायचा तो त्याचा टीव्ही. पार्सेत दिवेलागण झाली, की सगुणच्या घराच्या मागच्या खोलीतून असा काही इंग्रजी बाजार उठायचा की सगुणची बायको सत्यवती हिला देवापुढं म्हटलेली आरती स्वतःच्याच कानाला पोचायची नाही. कारण काय, तर पाहुणा कानानं जड. बरं, कानात घालायचं यंत्र होतं त्याच्याकडं. पण ते डबीत. कानात खाज येते म्हणे.

पाहुण्याचं नाव केन. सत्तरी ओलांडलेला, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा पावसाळी गावात जन्मभर बस चालवलेला. बायको वारली, थंडीत गुडघे धरायला लागले, म्हणून तो दर हिवाळ्यात मोरजीच्या किनाऱ्यावर यायचा. तिथली गर्दी सोसेना तेव्हा आत पार्सेला सरकला आणि सगुणच्या खोल्या बघून कायमचा टेकला. व्हिसासाठी मधेच जाऊन यायचा, तेवढंच. पेडण्याकडं मानाच्या माणसाला बाब म्हणतात, म्हणून तो झाला केनबाब. खोल्या खरं तर प्रज्योतच्या लग्नासाठी बांधलेल्या. प्रज्योत हा सगुणचा एकुलता मुलगा, मोपाच्या विमानतळावर नोकरीला. लग्नाचा विषय काढला की त्याला ड्युटीची आठवण व्हायची. केनबाबच्या टीव्हीला इंटरनेटचा डबा जोडून त्याच्या देशाची चॅनलं लावून दिली तीही प्रज्योतनंच. म्हणजे घरभेदी घरातलाच.

तर एका संध्याकाळी सगुण बाह्या सरसावून मागं गेला. सुर्ल्याच्या खाणीवर उभा जन्म टिपर चालवलेला माणूस, शिव्यांची त्याला वाण नव्हती, फक्त त्या इंग्रजीत येत नव्हत्या. दारात उभा राहून त्यानं नुसतेच हातवारे केले. केनबाबला वाटलं, घरमालक बसायला आलाय. त्यानं दुसरी कदेल पुढं ओढली, खुर्चीला तिकडं कदेलच म्हणतात, आणि भाजलेल्या काजूंची बशी सगुणच्या हातात दिली. काजू सगुणच्याच बागेतले, त्याला नाही कसं म्हणायचं? तो बसला. पडद्यावर एक नवराबायको घर विकत घ्यायला हिंडत होती. एका घरात न्हाणीघरातसुद्धा गालिचा. सगुण चाटच पडला. एवढ्या पावसाच्या देशात न्हाणीत गालिचा, म्हणजे यांचं डोकं ठिकाणावर आहे का? त्यानं केनबाबकडं बघून कपाळाला हात लावला. केनबाबनंही कपाळाला हात लावला, आणि दोघं हसत सुटले.

झालं. तंटा करायला गेलेला माणूस जेवायची हाक येईपर्यंत उठलाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी दिवा लागायच्या आधीच मागच्या खोलीत हजर.

त्यानंतर तो रोजचाच नेम झाला. केनबाबला सिनेमे नको असत, मारामाऱ्या नको असत. त्याला लागे ते सगळं घरगुती. घरं बघणारी माणसं, केक भाजायची स्पर्धा, बागा, आणि सगळ्यांत शेवटी हवामान. हवामान सुरू झालं की केनबाब पुढं सरकून बसे, स्वतःच्या गावावर पावसाचं चिन्ह आलं की समाधानानं मान डोलवी आणि बाहेरच्या पार्सेच्या उबेकडं बोट दाखवी. सगुणला इंग्रजी कळत नव्हतं, पण केक फसला की माणसाचं तोंड कसं होतं, ते कळायला भाषा कशाला हवी. लवकरच तो नापास कोण होणार ते आधीच सांगायला लागला. चुकला तरी हुज्जत घालायचा. सत्यवती म्हणायची, "दोन म्हाताऱ्यांची शाळा सुटली नाय अजून." तिनंही आता आरती मोठ्यानं म्हणायची सवय करून घेतली होती, आणि खरं सांगायचं तर मागच्या भिंतीतून येणारा तो गजबजाट नसला तर तिलाच चुकल्यासारखं व्हायचं. केनबाबला कदेलीत बसल्याबसल्या डुलकी लागली आणि टीव्ही वेळेपलीकडं गर्जत राहिला, की तीच भिंतीवर थापटी मारून त्याला उठवायची.

एकदा काय झालं, त्या घर बघण्याच्या कार्यक्रमात एका ओल्या रस्त्याचं वळण दिसलं, आणि केनबाब ताडकन उठला. पडद्याजवळ गेला, वळणावरच्या एका टपरीवजा आडोशावर बोट टेकलं, आणि दोन्ही हातांनी हवेत मोठं स्टिअरिंग फिरवून दाखवलं. त्याचा बसथांबा. सुर्ल्याच्या उतारावरचं, धुळीनं लाल झालेलं वळण सगुणला आठवलं. ते कुठल्या टीव्हीवर कोण दाखवणार? चित्र बदललं तरी केनबाब तिथंच उभा. मग येऊन बसला आणि बराच वेळ त्यानं काजूला हात लावला नाही.

सगुणनं प्रज्योतकरवी त्याला विचारलं होतं, की तुला गावाची एवढी ओढ आहे तर इकडं आलास कशाला. हेच कार्यक्रम तिथं घरी बसून बघता आले असते. केनबाबनं हसत हसत उत्तर दिलं आणि प्रज्योतनं ते सांगितलं, "तो म्हणता, थंय टीव्ही एकट्यानं बघूचो लागता." सगुणला हे ऐकून फार बरं वाटलं. चार दिवस तो ते गावभर सांगत हिंडला.

आणि मग पांडुरंगकाका गेले.

पांडुरंगकाका म्हणजे सगुणच्या भावकीतले सगळ्यांत वयस्क, चार घरं सोडून राहणारे. पिकलं पान होतं, कुणी ऊर बडवून घेतलं असं नाही. पण भावकी म्हटल्यावर वाड्यावरच्या सगळ्या घरांना दहा दिवसांचं सुतक लागलं. देवाला दिवा नाही, फोडणी नाही, टीव्ही नाही. संध्याकाळी बाप्यांनी काकांच्या ओट्यावर जाऊन बसायचं. आता काकांच्या मागं भावकीत वडीलधारा कोण, तर सगुण. देवळातल्या मानापासून भांडणं सोडवण्यापर्यंत सगळं आता त्याच्याकडं येणार होतं, आणि स्वारीची मान दुसऱ्या दिवसापासूनच थोडी ताठ झाली होती. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलं होतं.

त्याच संध्याकाळी ओट्यावर दहा माणसं बसलेली असताना काकांची सून सुलोचना चहाची भांडी उचलायला आली आणि सगुणपुढं थांबली.

"भावजी, हंयसर आमी फोडणी घालूक नाय. आणि तुमच्या घराकडसून गाजावाजा आयकाक येता. पाव्हण्याक सांगूक जमणा नाय काय?"

बोलली हळूच, पण ऐकलं सगळ्यांनी. खरंच, चार घरं ओलांडून केनबाबचा टीव्ही तिथंवर येत होता. कुणीतरी टाळ्या वाजवत होतं, बहुतेक केक फुगला असणार. कुणी हसलं नाही, पण सगुणला वाटलं, सगळे हसले. तो तसाच उठला.

घरी सत्यवतीनं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "तेका कसला सुतक? तो काय आमच्या भावकेतलो? कोणाक काय म्हणूचा ता म्हणूंदे."

"घर आमचा मा? मगे घरात सुतक."

"मगे हळू लावूक सांगा. भिंतीपलीकडं जाऊचा नाय इतक्या हळू. म्हातारो मनीस, एकटो करतलो काय?"

सत्यवतीचं हे बोलणं शहाणपणाचं होतं, आणि करायला काही कठीणही नव्हतं. पण वडीलधाऱ्या माणसानं बायकोच्या सांगण्यावरून अर्धंमुर्धं करायचं, आणि उद्या सुलोचनेनं कान टवकारून पुन्हा टोमणा मारायचा? सगुण तणतणत मागं गेला.

केनबाब उठून उभा राहिला, कदेल पुढं केली. सगुण बसला नाही. आपल्याला येत होतं तेवढं इंग्रजी त्यानं एकदम ओतलं. अंकल डेड. टेन डेज. ऑल हाऊस. टीव्ही नो. मग त्याला वाटलं, एवढंच सांगितलं तर नुसतं याच्या टीव्हीवर उठल्यासारखं दिसेल, म्हणून त्यानं सुतकात आमच्यात काय काय करत नाहीत तेही सगळं खाणाखुणांनी सांगून टाकलं. केनबाब कान पुढं करून, एकेका गोष्टीला मान हलवत ऐकत राहिला. टीव्ही त्यानं केव्हाच बंद केला होता. शेवटी त्यानं अंगठा आणि बोट जवळ आणून आवाजाची खूण केली आणि विचारलं, "लिटल?"

अगदी हळू लावला तर चालेल का, एवढंच विचारत होता. सगुण हो म्हणाला असता तर आभाळ कोसळणार नव्हतं.

"नो," सगुण म्हणाला. "लिटल नो."

केनबाबनं सगुणचा हात दोन्ही हातांत धरला आणि सॉरी, सॉरी म्हणाला. सगुणनं हात सोडवून घेतला आणि काकांच्या ओट्यावर जाऊन बसला. आता चार घरांपलीकडून काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. सुलोचनेनं त्याला पहिला चहा दिला.

पुढचे दिवस सगुण मागं फिरकला नाही. जाऊन करायचं काय, टीव्ही नाही तर दोघांत बोलायला आहे काय, असं तो स्वतःला सांगायचा. खरं म्हणजे त्याला तोंड दाखवायचा संकोच वाटत होता. सुतकातल्या घरचं अन्न बाहेरच्याला द्यायचं नाही म्हणून सत्यवतीचं अधूनमधून मागं जाणारं ताटही थांबलं. केनबाब सकाळी फाटकाशी यायचा, सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराकडून दोन उंडे घ्यायचा, खाली मान घालून परत जायचा. सगुण सालातून, म्हणजे पुढच्या मोठ्या खोलीतून, त्याला बघायचा आणि मनात म्हणायचा, रुसलाय. रुसूंदे. दहा दिवस तर आहेत.

मग एका सकाळी पोदेरानं फाटकाशी भोंपू वाजवला, परत वाजवला, आणि सगुणला म्हणाला, "गोरो बाब येवंक ना आज." सगुण म्हणाला, निजला असेल. उंडे ठेवून जा. पोदेर गेला. आणि सगुण, देवाशप्पथ, त्यानंतरही पेपर वाचत बसला. सत्यवतीला राहवलं नाही. ती उंडे घेऊन मागं गेली आणि तिथून तिनं जी हाक मारली ती ऐकून सगुण पेपर टाकून धावला.

केनबाब कदेल आणि टीव्हीच्या मधे आडवा पडला होता. श्वास चालू होता. डोळे उघडे होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवं अंग लाकडासारखं. अंगावर संध्याकाळचे कपडे, दिवा तसाच जळत होता. म्हणजे रात्रभर. या दहा हातांच्या अंतरावर, एका भिंतीपलीकडं, माणूस रात्रभर पडून होता.

डाव्या मुठीत टीव्हीचा रिमोट. बोट लाल बटणावर घट्ट दाबलेलं, सोडवता सोडवेना. आणि टीव्हीवर पांढरी स्वच्छ चादर घडी करून घातलेली, खाली भिंतीतून वायर उपसून ती गुंडाळून ठेवलेली.

दोघांनाही ते एकदमच दिसलं. सत्यवती म्हणाली, "तेना दाबल्यान आसतला. आमका आयकाक येवचा म्हणान." मग ती भिंतीला धरून खाली बसली. वायर कुणी काढली, कशाला काढली, या एकाच गोष्टीभोवती सगुणचं डोकं फिरत राहिलं. रागानं काढली असणार. मला लिटल नो म्हणतोस काय, घे, हा टीव्हीच बंद, असं म्हणून काढली असणार. माणूस आपल्यावर रागावला, आणि त्या रागानंच त्याचा घात केला.

अँब्युलन्समधून त्याला म्हापशाच्या वाटेवरच्या एका खासगी इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी एकच विचारलं, कधी पडले? सगुणला सांगता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूला झटका आलाय, पहिल्या दोन-चार तासांत आणला असता तर बरंच वाचवता आलं असतं. आता जीव राहील, बोलणं येईलसं वाटत नाही. डॉक्टर काही रागावून बोलले नाहीत, रोज कुणालातरी सांगतात तसं सांगून पुढच्या खाटेकडं गेले. सगुण मात्र बाकावर बसून डोकं हातात धरून म्हणत राहिला, लिटल म्हणाला होता, लिटल म्हणाला होता. शेजारच्यांना वाटलं, म्हातारा जप करतोय.

त्या दिवसानंतर सगुण इस्पितळात गेला नाही. आधी म्हणाला, सुतक आहे. मग म्हणाला, दहाव्याची तयारी, वडीलधारा मी, मीच नसलो तर कसं. मग अकराव्याला शुद्धी झाली, घरात गोमूत्र शिंपडलं, सत्यवतीनं देवाला दिवा लावला, वाड्यावरचे सगळे टीव्ही परत बोलायला लागले, आणि तरी तो गेला नाही. प्रज्योत मोपाला जातायेता फेरी मारायचा. केनबाबची मुलगी हेलन विलायतेहून आली तिलाही त्यानंच उतरवून घेतलं. घरी येऊन सांगायचा, की आज डोळे जास्त हलले, आज पेज घेतली. सगुण ऐकायचा आणि बागेत निघून जायचा. सत्यवती एकदाच म्हणाली, "बघून तरी येवा."

शेवटी हेलनच घरी आली, बापाचं सामान न्यायला. पंचेचाळिशीची, बापासारखीच लांब हनुवटी, डोळे सुजलेले. परत नेणार होती त्याला, तिकीट झालं होतं. तिकडं एका निवासात ठेवायचं, नर्स असतात, टीव्ही असतो. सत्यवतीनं तिला सालात बसवलं, चहा दिला. सगुण दाराशी उभा राहिला. आता ही विचारणार, की माझा बाप रात्रभर पडून होता तेव्हा तुम्ही कुठं होता. विचारू दे. त्यानं मनाची तयारी केली होती. निदान कुणीतरी एकदा विचारायला हवं होतं.

हेलननं कप खाली ठेवला आणि सगुणकडं बघून बराच वेळ काहीतरी बोलली. प्रज्योत मान खाली घालून ऐकत होता.

"काय म्हणाली?" सगुणनं विचारलं.

प्रज्योतनं एकदा बापाकडं बघितलं. मग हळूहळू, एकेक शब्द ठेवत सांगायला लागला. पडायच्या आदल्या दिवशी केनबाबनं मुलीला फोन केला होता. खूप खूश होता. म्हणाला, इथल्या घरातला वडीलधारा गेला, आणि सगुणनं स्वतः येऊन मला सुतक पाळायला सांगितलं. भाडेकरूला कोण सांगतं असं? भाडेकरूला म्हणतात, आवाज कमी कर. मी विचारलंसुद्धा, की थोडा आवाज चालेल का. तर नाही म्हणाला. घरातल्या माणसाला जे लागू ते मला लागू. म्हणून मी वायरच काढून ठेवली, चुकून हात जायला नको. टीव्हीवर चादर घातली. इतकी वर्षं मी इथं राहतोय, पण यांनी मला घरातला धरलंय, हे मला आता कळलं.

"ती म्हणता, थँक यू," प्रज्योत म्हणाला. "तिका वाटलेला, पप्पा हंयसर एकटो आसतलो."

सत्यवतीनं पदर तोंडाला लावला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर सगुणनं ऐकून घेतल्या असत्या, पाय धरले असते. आभाराचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"सांग तिका," तो प्रज्योतला म्हणाला. "सांग, की..."

"काय सांगू, बाबा?"

सुलोचनेनं टोमणा मारला म्हणून, हे सांगायचं? माझं नाक वर राहावं म्हणून, हे? ती बाई बापाला घेऊन परवा चालली होती, आणि तिच्याकडं एवढी एकच बरी गोष्ट होती. ती काढून घ्यायची?

"काय नाय," तो म्हणाला. "च्या पी म्हण."

हेलनला अजून एक गोष्ट विचारायची होती. ती विचारताना तिला अवघडल्यासारखं झालं. प्रज्योतनं सांगितलं, की केनबाब दाढी करू देत नाही. नर्सनं ब्लेड जवळ आणलं की डाव्या हातानं ढकलून देतो, रागावतो. हेलनला आधी कळलं नाही, मग फोनवरचं बोलणं आठवलं. सुतकात दाढी करत नाहीत ना? तर ते कधी संपतं? आता केली तर चालेल का? घरच्या मोठ्यानं सांगितल्याशिवाय तो ऐकणार नाही असं तिला वाटत होतं.

सगुणचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. सुतकाच्या तिसऱ्याच दिवशी खाज सहन होईना म्हणून त्यानं परसात आडोशाला उभं राहून गुपचूप दाढी उरकली होती. भावकीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आलं असेल तर कुणी बोललं नव्हतं. लांबच्या काकासाठी एवढं कोण पाळतो? सुलोचनेच्या नवऱ्यानंसुद्धा सातव्याला केली होती.

"येतंय मी," तो म्हणाला आणि सदरा बदलायला आत गेला.

इस्पितळात केनबाब खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसवलेला होता. पांढरी दाढी चांगलीच वाढली होती, त्यानं तो कुणी निराळाच, थकलेला भिक्षुक वाटत होता. समोर भिंतीवर टीव्ही होता आणि तो बंद होता. नर्सनं सांगितलं, लावला की डोळे मिटून घेतात. सगुण खाटेजवळ गेला. केनबाबनं त्याला ओळखलं. चेहऱ्याची डावी बाजू हसली, तोंडातून एक आवाज आला, पण शब्द झाला नाही.

किती दिवस तू इथं कुणाचं सुतक पाळत बसलायस, सगुणच्या मनात आलं. आम्ही तर कधीच मोकळे झालो. तुला सांगायला कुणी आलं नाही. मीच आलो नाही.

"केनबाब," तो म्हणाला. "फिनिश. टेन डेज फिनिश. ऑल हाऊस फिनिश. टीव्ही येस."

केनबाब त्याच्याकडं रोखून बघत राहिला. पाळायचं ते नीट पाळून होईतो सोडायचं नाही, असं त्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. हेलन मागं साबणाचा वाडगा घेऊन उभी होती. केनबाबनं डावा हात उचलला. तो वर आला आणि सगुणच्या गालावर टेकला. गालावरून हनुवटीपर्यंत, हनुवटीवरून परत वर, खुंट लागतोय का ते तपासत तो हात सावकाश फिरला. सगुणला तोंड लपवावंसं वाटलं, पण तोंड तर त्याच्या हातात होतं. गाल गुळगुळीत लागला. केनबाबची खात्री पटली. त्यानं हात खाली घेतला, मान उशीला टेकली आणि दाढी करून घ्यायला हनुवटी वर केली.